आधी परत यायला शिका

पावसाळ्यातला शुक्रवार. जुम्याची नमाज झालेली असते आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतं, "चलो, पानी देखने." अर्ध्या तासात सहा मोटारसायकली आणि अकरा पोरं भिवंडीबाहेर पडलेली असतात. कुठे जायचं ते वाटेत ठरतं. तिथलं पाणी किती खोल आहे, वरच्या डोंगरात पाऊस सुरू आहे का, अकरापैकी किती जणांना पोहता येतं, हे कोणी कोणाला विचारत नाही. घरी सांगितलेलं असतं, मित्राकडे जातोय. बहुतेक वेळा सगळे भिजून, भजी-वडापाव खाऊन, मगरिबपर्यंत घरी येतात. आणि एखाद्या शुक्रवारी अकरा गेलेले असतात, दहा येतात.

मित्रमैत्रिणींनो, हे मी कल्पनेने लिहीत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मोहल्ल्यात असं एक तरी घर आहे. ३० जून २०२४ ची लोणावळ्याची घटना तुम्हाला आठवत असेल. भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेलं एक मुस्लीम कुटुंब अडकलं. पाणी अचानक वाढलं. एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते लोक आपण मोबाइलवर पाहिले. त्यातली एक बाई आणि चार मुलं गेली. देशाचा विचार केला तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात बुडून मेलेल्यांची संख्या ३८ हजारांहून अधिक आहे.

अशी बातमी आली की आपल्याकडे तीन गोष्टी बोलल्या जातात. कोणी म्हणतं, मौत लिहिलेली होती. कोणी म्हणतं, आजकालची पोरं बिघडली आहेत, घरात बसवत नाही. कोणी म्हणतं, प्रशासन काय करतंय? प्रशासन दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे आदेश काढतं, पाट्या लावतं आणि पुढच्या रविवारी लोक त्याच पाटीपाशी फोटो काढतात. या तिन्ही उत्तरांत मला एक चूक दिसते. तिन्ही उत्तरं गृहीत धरतात की तरुण माणसाचं आणि पाण्याचं नातं तोडता येईल. ते तुटत नाही. भिवंडीच्या पत्र्याच्या छताखाली, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोराला मोकळं पाणी आणि मोकळा वारा ओढणारच. प्रश्न तो जाईल की नाही हा नाही. जाण्याआधी त्याला परत यायला कोणी शिकवलं का, हा आहे.

हे मला एका सहलीत कळलं. तीच गोष्ट सांगतो.

कॉलेजातल्या एका मित्रामुळे जानेवारीच्या अखेरीस मी एका विंडसर्फिंग क्लबच्या शिबिराला गेलो. मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला, दोन रात्री तंबूत, दिवसा समुद्रावर. एकूण अठरा जण. आम्ही भिवंडीचे पाच. त्यात माझी धाकटी बहीण होती. अम्मीने तिला तीन अटींवर सोडलं होतं. तंबू मुलींचा वेगळा, कपडे अंगभर आणि दर नमाजेच्या वेळेला फोन. बहिणीने तिन्ही अटी क्लबच्या ताईंना फोन करून वाचून दाखवल्या. ताई म्हणाल्या, पहिल्या दोन आमच्याही आहेत.

ज्यांना विंडसर्फिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाण्यावर तरंगणारा एक लांबट बोर्ड, त्याच्यावर सांध्याने जोडलेली डोलकाठी आणि तिला एक शीड. इंजिन नाही, सुकाणू नाही. माणूस बोर्डावर उभा राहून शिडाचा आडवा दांडा हातात धरतो. शीड मागे झुकवलं की बोर्डाचं तोंड वाऱ्याकडे वळतं, पुढे झुकवलं की वाऱ्यापासून दूर वळतं. १९६० च्या दशकात अमेरिकेत हा खेळ आकाराला आला आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिकमध्ये आहे.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्र अगदी शांत होता. लाट नावालाही नव्हती. वारा हलका, पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून येत होता. आम्ही पाचही जण कपडे बदलून पाण्यात शिरायला तयार. प्रशिक्षक म्हणाले, "आत्ता कोणी जाणार नाही."

आम्हाला वाटलं, हे काहीतरीच. एवढं गुळगुळीत पाणी असताना नाही जायचं, मग कधी?

तेव्हा त्यांनी आम्हाला शाळेतला भूगोल आठवायला लावला. मतलई वारे आणि खारे वारे. परीक्षेत आपण दोन-दोन गुणांना लिहिलेलं असतं की दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई. त्याचा अर्थ किनाऱ्यावर उभं राहून कळतो. सकाळी मतलई वारा अजून उतरलेला नसतो. तो पाण्याला किनाऱ्यापाशी सपाट ठेवतो, म्हणून पाणी शांत दिसतं. पण नवशिका त्यात उतरला तर तोच वारा त्याला हळूहळू, न कळत, आत ढकलत नेतो. जितकं आत जाल तितका वारा वाढतो आणि परतीची वाट वाऱ्याच्या तोंडावर असते. उलट दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो, पाणी खवळल्यासारखं दिसतं, छोट्या लाटांवर पांढरा फेस येतो. दिसायला भीतिदायक. पण तो वारा पडलेल्या माणसाला किनाऱ्याकडे आणतो.

म्हणजे जे शांत दिसतं ते नवशिक्यासाठी धोक्याचं आणि जे खवळलेलं दिसतं ते त्या मानाने सुरक्षित. आमच्या शुक्रवारच्या टोळीत हे कोणाला माहीत होतं? आम्ही पाण्याकडे बघून ठरवायचो. वारा कुठून येतोय हे बघायचंच नसतं, अशीच आमची समजूत होती.

सकाळचे तीन तास वाळूवर गेले. बोर्ड वाळूवर ठेवून शीड उचलायचं आणि सगळ्यात आधी शिकायचं ते वळणं. पुढे जाणं नंतर. पाय कुठे ठेवायचे, शीड एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे कसं न्यायचं, तोंड उलट दिशेला कसं करायचं. ज्याला वळता येत नाही त्याला पाण्यात सोडत नाहीत. माझा एक मित्र वैतागून म्हणाला, "सर, आधी जायला तर शिकवा." प्रशिक्षक हसले. "जायला वारा शिकवतो. परत यायला मी शिकवतो."

दुपारी दोनच्या सुमारास वारा सुटला. सुरूच्या झाडांचे शेंडे एका अंगाला झुकले, तंबूंचे दोर वाजायला लागले. थळचे एक तांडेल काका क्लबच्या सुरक्षा होडीवर होते. त्यांनी पाण्यावरच्या फेसाकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरांनो, आजून वाढंल." प्रशिक्षकांनी मोठी शिडं उतरवून छोटी चढवायला लावली. कारण साधं आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहा नॉटच्या वाऱ्यात हौसेने पेललेलं शीड वीस नॉटला माणसाला उचलून फेकतं. ज्यांची ही पहिलीच वेळ होती अशा चौघांना त्यांनी त्या दिवशी कमरेइतक्या पाण्यापुढे जाऊच दिलं नाही. त्या चौघांत मी होतो. मला राग आला होता. गाडीभाडं भरून, रजा टाकून आलो आणि वारा आहे म्हणून वाऱ्याच्या खेळाला बंदी! आता वाटतं, त्या शिबिरातला सगळ्यात मोलाचा धडा तोच होता. आज नाही, असं म्हणता येणं.

किनाऱ्यावर एक लाकडी फळा होता. त्यावर अठरा खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर नावाचं बिल्ल्यासारखं लाकूड. पाण्यात जाताना आपलं लाकूड उलटं करायचं, परत आल्यावर सुलटं. एक जण फक्त त्या फळ्याकडे आणि समुद्राकडे बघत बसलेला. पाळी प्रत्येकावर यायची. जॅकेट न घालता कोणी गुडघाभर पाण्यातही नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. आणि एक नियम त्यांनी दहा वेळा म्हणवून घेतला. काहीही झालं तरी बोर्ड सोडायचा नाही. शीड तुटलं, हात थकले, तरी बोर्डावर पालथं पडून राहायचं, दोन्ही हात डोक्यावर हलवायचे आणि वाट बघायची. किनारा जवळ वाटतो म्हणून बोर्ड सोडून पोहत निघालेला माणूस बुडतो. बोर्ड धरून राहिलेला सापडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्यातल्या एकाचं हेच झालं. थोडं शिकलेला होता, जरा बाहेर गेला, पडला, पुन्हा शीड उचलायला गेला, पुन्हा पडला. हात भरून आले. वारा आडवा होता, तो दक्षिणेकडे वाहत चालला. किनाऱ्यावर माझ्या काळजाचं पाणी झालं. पण तो बोर्डावर पालथा पडला आणि हात हलवू लागला. फळ्याजवळच्या मुलीने शिट्टी वाजवली, तांडेल काकांनी होडी काढली आणि थोड्याच वेळात तो वाळूवर बसून चहा पीत होता. कोणी ओरडलं नाही, कोणी मोबाइलवर चित्रीकरण केलं नाही. त्याने स्वतःच्या हाताने आपलं लाकूड सुलटं केलं. हाच मुलगा आमच्या शुक्रवारच्या टोळीत असता, तर त्याने बोर्ड सोडून पोहायला सुरुवात केली असती आणि त्याला वाचवायला आम्ही दोघं-तिघं पोहता न येणारे उड्या मारून मोकळे झालो असतो.

अस्रच्या वेळी आम्ही वाळूवर जमात केली. आपल्या किनाऱ्यावर किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. वाराही जवळपास त्याच अंगाने येत होता. सज्द्यात कपाळाला ओली वाळू लागत होती. तवक्कुलविषयीची ती प्रसिद्ध हदीस मला तेव्हा नव्याने कळली, ज्यात उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितलं. जॅकेटचे पट्टे आवळणं, फळ्यावरचं लाकूड उलटं करणं, वाऱ्याची दिशा बघणं, हे सगळं उंट बांधणंच आहे. मौत लिहिलेली असते हे खरं, पण ते वाक्य उंट न बांधण्याची सबब म्हणून वापरायचं नसतं.

संध्याकाळी वारा पडला तेव्हा दूर नैर्ऋत्येला दोन बेटं स्पष्ट दिसू लागली. खांदेरी आणि उंदेरी. १६७९ साली मराठ्यांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी तो रोखायला जहाजं पाठवली. बेटावर मायनाक भंडारी होते आणि त्यांच्या मदतीला शिवाजी महाराजांच्या आरमाराचे सरदार दौलतखान. किल्ला उभा राहिला. शेजारची उंदेरी पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने घेतली. म्हणजे या दोन बेटांच्या मधल्या पाण्यात दोन्ही बाजूंना मुसलमान दर्यावर्दी होते, एकमेकांविरुद्ध. आपला इतिहास कोणाच्याही भाषणात बसेल इतका सोपा नाही आणि त्याची लाज वाटण्याचंही कारण नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे.

आणि भिवंडीचं काय? १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराची सुरुवातीची जहाजं याच खाडीच्या काठाला बांधली गेली. आज भिवंडी म्हटलं की लोकांना माग, गोदामं आणि दंगली आठवतात. पण आपलं गाव आधी बंदर होतं. कोकणी मुसलमानांची किती घरं पिढ्यानपिढ्या "बोटीवर" होती! माझे नाना बोटीवर होते. जगभर फिरले आणि त्यांना पोहता येत नव्हतं. ते हसत सांगायचे, खलाशाचं काम जहाज बुडू न देणं हे आहे, पोहणं नाही. आपण समुद्रावर पोट भरलं, पण पाण्याची कला घरात मुलांना दिली नाही. दोन पिढ्यांत समुद्रही गेला, कलाही गेली.

भाषेत मात्र तो शिल्लक आहे. बंदर, दर्या, खलाशी, तुफान, मोसम हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. मोसमापासून युरोपियनांनी मान्सून केला. कोळीवाड्यातला नाखवा हा मुळात फारसी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. शीड आणि डोलकाठी मराठी, नाखवा फारसी, होडी सगळ्यांची. तुम्ही मराठी की मुसलमान, असा खुळचट प्रश्न आपल्याला विचारला जातो. त्याचं उत्तर किनाऱ्यावरच्या कोणत्याही होडीत आहे. आणि त्याच किहीममध्ये १९३० च्या सुमारास सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणकामाचा अभ्यास केला होता, हे आम्हा विणकरांच्या गावच्या पोरांना तिथे गेल्यावर कळलं. निसर्गात जाणं ही श्रीमंतांची चैन आहे, आपल्या लोकांचं काम नाही, असं म्हणणाऱ्यांना ही नावं सांगावीत.

आता आक्षेपांकडे येतो. परत आल्यावर मी मोहल्ल्यातल्या मित्रांना म्हटलं, आपणही असा क्लब काढू. चार उत्तरं आली.

पहिलं, पैसा. खरं आहे, विंडसर्फिंगचं पूर्ण सामान मोटारसायकलीइतकं महाग पडू शकतं. पण मोटारसायकल आपण प्रत्येकी एक घेतो. क्लबात एक बोर्ड वीस जणांना पुरतो. हैदराबादचं उदाहरण बघा. हुसेनसागर तलावावर सुहेम शेख यांनी २००९ मध्ये यॉट क्लब ऑफ हैदराबाद सुरू केला. तिथे गरीब घरांतली मुलं-मुली शिडाची होडी चालवायला शिकली आणि राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेली. तलाव शहराच्या मधोमध, समुद्र कित्येक कोस दूर. मध्य प्रदेशाला तर किनाराच नाही. तरी देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये शिकली आणि सप्टेंबर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून देणाऱ्याचं नाव इबाद अली. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलं आहे? क्रिकेटमधला बारावा खेळाडूही आपल्याला पाठ असतो.

दुसरं उत्तर, मुलींचं काय? हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा शिबिराचे फोटो बघावेत. ऊन, खारं पाणी आणि बोर्डाचा खरखरीत पृष्ठभाग यांमुळे तिथे मुलगे आणि मुली दोघंही मनगटापासून घोट्यापर्यंत झाकलेले होते. माझ्या बहिणीने डोक्याला घट्ट बसणारी टोपी घातली होती आणि तिच्याकडे वळून बघायला कोणाला सवड नव्हती. कपड्यांची अडचण पाण्यात नाही, आपल्या डोक्यात आहे. खरी अडचण वेगळी आहे. मुलींना पोहायला शिकण्याची सुरक्षित, परवडणारी, स्त्री-प्रशिक्षक असलेली सोय जवळ मिळत नाही. लोणावळ्यात गेलेल्या त्या पाच जणांत एक बाई होती आणि मुलं होती. पाणी स्त्री-पुरुष बघत नाही. मग पोहणं शिकवताना आपण का बघावं?

तिसरं उत्तर जरा खालच्या आवाजात आलं. "पंधरा मुसलमान पोरं समुद्रकिनारी तंबू लावून बसली, तर लोक काय म्हणतील? पोलीस काय म्हणतील?" हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाही. शिबिर हा शब्द आपल्या नावापुढे आला की काहींच्या भुवया वर जातात, हे भिवंडीच्या तरुणाला सांगायची गरज नाही. किहीमला पहिल्या संध्याकाळी एक हवालदार फेरी मारायला आले. मी आणि माझा मित्र नकळत ताठ झालो. क्लबच्या ताईंनी फाइल काढली. ग्रामपंचायतीला दिलेलं पत्र, पोलीस ठाण्याला दिलेली यादी, प्रत्येकाचा पत्ता, रक्तगट, घरचा नंबर. हवालदारांनी डोकी मोजली, चहा घेतला, वारा जपा म्हणाले आणि गेले. मला जाणवलं की संशयाला घाबरून घरात बसणं हे उत्तर नाही आणि लपूनछपून जाणं तर मुळीच नाही. यादी, पत्र, परवानगी, उघडे तंबू आणि सर्व धर्मांचे सभासद, हे उत्तर आहे. समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. आपण नागरिक म्हणून, नियमाने, ताठ मानेने तिथे जायला लागलो तरच तो आपलाही राहील. जी जागा आपण भीतीने सोडून देतो ती पुन्हा मागून मिळत नाही.

चौथं उत्तर, भिवंडीत पाणी कुठे आहे? हा आक्षेप नाही, आरोप आहे आणि तो खरा आहे. कामवारी नदीत सांडपाणी आणि रंगाचं पाणी जातं. ज्या खाडीत जहाजं बांधली गेली तिच्यात आज हात बुडवायला कोणी तयार होणार नाही. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला आहे. म्हणजे सरकारच्या कागदावर आपण पुन्हा बंदराचं गाव आहोत. मग खाडी स्वच्छ करा, काठावर एक सुरक्षित घाट द्या, ही मागणी महापालिकेकडे कोण करणार? जो खाडीत उतरतच नाही, त्याला ती घाण असल्याचं दुःख कशाला होईल? वीस पोरापोरींचा एखादा क्लब झाला, त्यांना पाण्याची गोडी लागली, तर ते वीस जण नदीसाठी जितकं भांडतील तितकं शंभर निवेदनं भांडणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याला आणखी बंदी नको, आणखी उपदेश नको. आपल्याला क्लब हवा. त्याची सुरुवात विंडसर्फिंगच्या महागड्या बोर्डापासून करायची गरज नाही. पहिलं वर्ष पोहायला शिकण्याचं आणि बुडणाऱ्याला स्वतः पाण्यात न उतरता दोर, बांबू किंवा रिकामा कॅन टाकून कसं वाचवायचं ते शिकण्याचं. पोहायला जागा मिळाली की मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला ताई. त्याच वर्षी वीस चांगली जॅकेट विकत घ्यायची आणि मोहल्ल्यात ठेवायची. जो कोणी पाण्यावर सहलीला जाईल त्याने ती न्यावीत आणि परत आणून द्यावीत. पावसाळ्यात पाण्यावरच्या सहली बंद. कोळी बांधवही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर आपली हौस दोन महिने थांबू शकते. आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात, अनुभवी क्लबच्या सोबतीने, वर्षातून एक शिबिर. यादी करून, घरी खरं सांगून, फळ्यावर लाकूड लावून.

माझे एक काका मागावर काम करतात. सहलीची हकिगत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तुमचं शीड आमच्या धोट्यासारखं? इकडून तिकडे, तिकडून इकडे?" मी म्हटलं, हो. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतंच शीड जात नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, तिरकं तिरकं जात परत यावं लागतं. काका म्हणाले, "मग बरोबर आहे. नुसता एका अंगाला गेलेला धोटा काय कामाचा? तो परत येतो म्हणून कापड होतं."

शेवटच्या दिवशी चार वाजता शिट्टी झाली. सगळे बाहेर आले. फळ्याजवळच्या मुलाने मोठ्याने मोजलं आणि अठराही लाकडं सुलटी आहेत असं जाहीर केलं. मगच शिडं गुंडाळली. बहिणीने अम्मीला फोन लावला. पलीकडून अम्मीने पहिला प्रश्न विचारला, "सगळे आले का?"

माझ्या बहिणीला मोजावंसुद्धा लागलं नाही. ती म्हणाली, "सगळे आले."

येत्या पावसाळ्यात कोणी "चलो, पानी देखने" असं टाकलं, तर त्याच्याखाली हाच प्रश्न लिहा. किती जाणार आहेत हे आपण नेहमी विचारतो. किती येणार आहेत, ते आधी ठरवू या.